केस झाली म्हणजे नेमके काय झाले?



"दादा, केस झाली."

दोनेक वर्षांपूर्वी रात्री साडेदहाला फोनवर आम्ही हे तीन शब्द ऐकले. फोन आमच्याच नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून होता. सरकारी कागदावर जिल्हा आता अहिल्यानगर झाला आहे, तोंडात अजून नगरच येते. फोन करणारा बारावीचा पोरगा. दुपारी गावच्या चौकात चारचौघांसमोर त्याला जातीवरून शिव्या देऊन मारले होते. संध्याकाळी तो पोलीस ठाण्यात गेला. रात्री त्याने आम्हाला सांगितले, केस झाली. आम्ही म्हणालो, "शाब्बास. घाबरू नको. सकाळी बघू." आणि आम्ही झोपलो.

सकाळी बघितले नाही. दुसऱ्या दिवशी तालुक्याला एक कार्यक्रम होता. तिसऱ्या दिवशी गावात गेलो तेव्हा पोराने खिशातून घडी घातलेला कागद काढला. ती एन.सी. होती, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. साधी मारहाण, शिवीगाळ, दमदाटी. अ‍ॅट्रॉसिटीचे एकही कलम नाही. अशा नोंदीवर न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपाससुद्धा करता येत नाही. पोरगा मात्र तीन दिवस गावात सांगत होता की केस झाली, आणि ज्यांनी मारले ते हसत होते. कारण काय झाले आहे आणि काय झालेले नाही, हे त्यांना बरोबर कळले होते.

ठाण्यातल्या लोकांनी काय केले ते केलेच. पण आज चूक आम्ही आमची सांगणार आहोत. "कसली केस?" एवढे दोन शब्द आम्ही त्या रात्री विचारले नाहीत.

तेव्हापासून हा शब्द आमच्या डोक्यातून जात नाही. केस हा इंग्रजी शब्द आपल्या जिल्ह्यातली शाळेत न गेलेली म्हातारीसुद्धा रोज वापरते. पण तो एक शब्द नाही, शब्दांचे गाठोडे आहे. सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर आधी केसपेपर काढावा लागतो. रात्री जीप आली की शिपाई म्हणतो, सर्पदंशाची केस आहे. नर्स म्हणते, डिलिव्हरीची केस आहे. कोर्टाच्या आवारात केस उभी राहते, केस चालते, केस बोर्डावर येते आणि पुढची तारीख घेऊन जाते. गावात केस घालतात, केस करतात, केस मागे घ्यायला लावतात. आपण केस केली की समोरचा क्रॉस केस करतो. समाजकार्याच्या महाविद्यालयातली पोरे वही घेऊन वस्तीत येतात आणि केस स्टडी करतात. मोबाईलला केस असते, प्रवासाला सुटकेस असते. एखादा विचित्र माणूस असला तर त्यालाही म्हणतात, काय केस आहे!

आणि मराठीतला आपला जुना केस आहेच. डोक्यावरचा तो केस, कोर्टातली ती केस. त्या जुन्या केसावरून एक वाक्प्रचार आहे, केसाने गळा कापणे, म्हणजे विश्वासघात करणे. 'केस मागे घे, आपण गावात मिटवू' असे गोड बोलून ज्यांना बैठकीला बोलावले गेले, त्यांना दोन्ही केसांचा संबंध आम्ही समजावून सांगायला नको.

इंग्रजीतही ही केस एक नाही, दोन वेगळे शब्द उच्चारात एक झाले आहेत. एक आला लॅटिनमधल्या 'कासुस'वरून. त्याचा मूळ अर्थ पडणे. जे माणसावर येऊन पडले, कोसळले, ते कासुस. दवाखान्यातली कॅज्युअल्टी हा शब्दही त्याच घरातला. दुसरा आला 'काप्सा'वरून, म्हणजे पेटी, डबा. सुटकेस ती. छापखान्यात खिळे ठेवायची खणांची पेटीही तीच. इंग्रजी छापखान्यात मोठी अक्षरे वरच्या पेटीत आणि छोटी खालच्या पेटीत ठेवत, म्हणून आजही संगणकावर त्यांना अपर केस आणि लोअर केस म्हणतात. आपल्या देवनागरीत वरची अक्षरे आणि खालची अक्षरे असा भेद नाही. तो भेद आपल्याकडे माणसांसाठी राखून ठेवला आहे.

एक केस म्हणजे माणसावर कोसळलेले. दुसरी केस म्हणजे पेटी. आमचे म्हणणे असे आहे की आपल्या लोकांच्या बाबतीत पहिलीची दुसरी करण्याचे काम अखंड चालू असते. जे कोसळले ते नोंदवायचे, फाईलला दोरी बांधायची आणि पेटीत ठेवून द्यायचे. पेटी बंद झाली की गाव मोकळे, ठाणे मोकळे आणि खरे सांगायचे तर कधीकधी कार्यकर्ताही मोकळा.

त्या पोराच्या बाबतीत कासुसचा अर्थ आम्हाला फार कडू पद्धतीने कळला. ठाण्यात जाण्याआधी त्याला दवाखान्यात नेले होते. सोबतचा चुलता घाबरलेला. डॉक्टरने विचारले, काय झाले? चुलता म्हणाला, पडला. केसपेपरवर तसेच लिहिले गेले. मारहाण असे सांगितले असते तर एम.एल.सी. झाली असती, म्हणजे दवाखान्यानेच पोलिसांना कळवले असते आणि जखमांची रीतसर नोंद राहिली असती. पुढे आम्ही पाठपुरावा केला, वरिष्ठांकडे लेखी तक्रार दिली, गुन्हा नोंदला गेला, कलमेही लागली. पण 'पडला' हा शब्द आजही त्या फाईलमध्ये आहे, आणि आरोपीचा वकील तोच दाखवतो.

मित्रांनो, या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. तो शाळेत शिकवतात आणि आपण विसरून जातो. इंग्रजी व्याकरणातली केस म्हणजे आपली विभक्ती. तीही त्याच कासुसवरून आली. आम्ही आता अभ्यासवर्गात फिर्याद कशी द्यायची हे विभक्तीवरूनच शिकवतो.

कर्ता: कोणी केले? नावे सांगा. नावे माहीत असताना 'अज्ञात इसम' लिहू देऊ नका. कर्म: कोणाला केले? करण: कशाने? काठी, दगड, हात. अपादान: कोठून हुसकावले? पाणवठ्यावरून, रस्त्यावरून, मंदिरातून? त्यालाही कायद्यात वेगळे कलम आहे. संबंध: फिर्यादी कोणत्या जातीचा आणि आरोपी कोणत्या? अ‍ॅट्रॉसिटीत आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असावा लागतो. अधिकरण: कोठे आणि केव्हा? जातिवाचक अपमानाच्या कलमाला 'लोकांना दिसेल अशा ठिकाणी' ही अट आहे. चौक होता की घर होते, कोण कोण उभे होते, हे फिर्यादीत नसेल तर कलम तिथेच लंगडे होते. आणि शेवटची विभक्ती संबोधन: हाक कशी मारली? कोणता शब्द वापरला? लाज वाटते, जीभ अडखळते, तरी तो शब्द जसाच्या तसा लिहायला लावा. 'जातिवाचक शिवीगाळ केली' एवढ्यावर भागवू नका.

व्याकरणात विभक्ती चुकली तर एक गुण जातो. इथे खटला जातो.

फिर्याद बरोबर झाली म्हणजे संपले का? आपल्या जिल्ह्यालाच विचारू. जामखेड तालुक्यातले खर्डा इतिहासाच्या पुस्तकात १७९५ च्या लढाईसाठी येते. आपल्याला ते २८ एप्रिल २०१४ साठी माहीत आहे. त्या दिवशी नितीन आगे या सतरा वर्षांच्या शाळकरी मुलाचा खून झाला. राज्यभर मोर्चे निघाले, मंत्री येऊन गेले, गुन्हा नोंदला गेला, अटका झाल्या. केस झाली, अगदी पूर्ण अर्थाने झाली. आणि २३ नोव्हेंबर २०१७ रोजी नगरच्या सत्र न्यायालयात सगळे आरोपी निर्दोष सुटले. मधल्या साडेतीन वर्षांत साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते.

त्याच जिल्ह्यातली दुसरी केस. नेवासा तालुक्यात सोनई परिसरात १ जानेवारी २०१३ रोजी तीन तरुण सफाई कामगारांची हत्या झाली. तो खटला जिल्ह्याबाहेर, नाशिकला चालला. जानेवारी २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना दोषी ठरवले. खर्ड्याच्या निकालानंतर अवघ्या दोन महिन्यांनी.

दोन्हीकडे जात तीच, जिल्हा तोच, शब्दही तोच. दोन्हीकडे केस झाली होती. फरक पडला तो केस झाल्यानंतरच्या वर्षांत. खर्ड्याच्या मोर्च्यांत आम्हीही होतो. निळे झेंडे घेऊन घोषणा दिल्या, घसा बसला. पण साक्षीच्या तारखांना कोर्टात आम्ही किती जण होतो? साक्षीदाराच्या घरी संध्याकाळी कोण जाऊन बसत होते, आपण की समोरचे? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला अजून मान वर करून देता येत नाही.

बाबासाहेब बॅरिस्टर होते. केस या शब्दाची लांबी त्यांना ठाऊक होती. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्याच वर्षी १२ डिसेंबरला महाडच्या सवर्णांनी दिवाणी दावा टाकला आणि बाबासाहेब त्यात प्रतिवादी झाले. तळ्याचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयातून आपल्या बाजूने लागला १७ मार्च १९३७ रोजी. सव्वानऊ वर्षे. त्या काळात गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, येवल्याची घोषणा झाली. एवढ्या धामधुमीतही महाडची ती केस पेटीत बंद झाली नाही. आपण मात्र दहा दिवसांत दुसऱ्या पोस्टकडे वळतो.

आता थोडे आमच्या वहीविषयी. त्या पोराचे प्रकरण लिहून ठेवलेले पान परवा आम्ही उघडले. वर लिहिले होते: 'मारहाण केस, पाठपुरावा बाकी.' गावाचे नाव होते, कलमे होती, फोन नंबर होता. पोराचे नाव नव्हते. आपण कार्यकर्ते एकमेकांना सहज सांगतो, माझ्याकडे सध्या तीन केसेस आहेत. तीन माणसे आहेत असे म्हणत नाही. ज्यांना व्यवस्थेने फाईल केले, त्यांना आम्हीही वहीत फाईलच करून ठेवले होते. त्या पानावर आम्ही त्याचे नाव मोठ्या अक्षरात लिहिले. खाली लिहिले की तो बारावीत होता, त्या वर्षी त्याची परीक्षा हुकली, आणि गेल्या वर्षी तो पास झाला.

म्हणून तरुणांनो, यापुढे कोणी 'केस झाली' म्हणाले की लगेच शाब्बास म्हणू नका. विचारा. एन.सी. की एफ.आय.आर.? एफ.आय.आर.ची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती हातात आहे का? कलमे कोणती? गुन्हा नोंदवण्याआधी चौकशी करू असे कोणी म्हणाले, तर २०१८ च्या दुरुस्तीने आलेले कलम १८-अ दाखवा; प्राथमिक चौकशीची गरज नाही असे त्यात स्पष्ट आहे. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आहे का? साठ दिवसांत दोषारोपपत्र गेले का? आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीची सूचना पीडिताला मिळाली का? कलम १५-अ प्रमाणे तो त्याचा हक्क आहे, तिथे म्हणणे मांडण्याचाही. साक्षीदाराची रोजंदारी बुडते म्हणून तो येत नसेल, तर १९९५ च्या नियमांतला अकरावा नियम काढा. प्रवासखर्च आणि भत्ता देण्याची तरतूद त्यात आहे. आणि पोलिसांनी 'बी समरी' पाठवली, म्हणजे तक्रारच खोटी ठरवली, तर गप्प बसू नका; न्यायालयात हरकत घेता येते.

हे सगळे विचारल्यावर शेवटी एक विचारा: जेवलास का? रात्री सोबत कोण आहे?

त्या पोराच्या खटल्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. परवा त्याचा फोन आला. या वेळी तो केस हा शब्दच बोलला नाही. म्हणाला, "दादा, माझी साक्ष आहे. आईला पण यायचंय. तुम्ही येताय ना?"

आम्ही जाणार आहोत. त्या दिवशी तालुक्याला दुसरा कार्यक्रम असला तरी.

जय भीम!