पोराला कळवायचं का?

नेपानगर, रविवार

ताई,

परवा फोनवर तू एवढंच विचारलंस, "ह्यांच्या कॅन्सरचं पोराला कळवू का?" आणि पुढे तुला बोलवेना. मलाही सुचलं नाही. म्हणून हे पत्र लिहितोय. माझं उत्तर एकच आहे: आजच कळव. भाचा लष्करात, तवांगला; तिथं फोन लागत नसेल तर युनिटच्या ऑफिसात निरोप ठेव. असं का म्हणतो, ते आमच्या शेजारच्या घरावरून सांगतो.

शेजारचे भाऊ तुला आठवत असतील. जन्मभर इथल्या नेपा मिलमध्ये पेपर मशीनवर होते. वर्तमानपत्राचा कागद देशात पहिल्यांदा इथं निघाला, १९५६ साली नेहरू स्वतः उद्घाटनाला आले होते, हे ते आल्यागेल्याला चहाच्या आधी सांगायचे. खिशात तंबाखू-चुन्याची डबी कायम. गालाच्या आत पांढरा चट्टा आला, मग जखम, मग तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. सहा महिने गुळण्यांच्या औषधात गेले. शेवटी तुकडा तपासला, तेव्हा कॅन्सर निघाला.

मुलगा त्या वेळी सियाचीनला पोस्टवर होता. घरात सगळ्यांचं ठरलं, त्याला कळवायचं नाही. तिथं आधीच श्वास पुरत नाही, त्यात ही बातमी कशाला? ताई, हे ठरवणाऱ्यांत मीही होतो. "ऑपरेशन होऊन जाऊ द्या, मग सांगू," असं काकूंना मीच म्हणालो. त्यांच्या भल्यासाठीच म्हणालो, पण चुकलो.

जमेल तेव्हा पोरगा फोन करायचा. भाऊ झोपलेत, बाजारात गेलेत, देवळात गेलेत, अशी उत्तरं त्याला मिळत राहिली. भाऊ देवळात जाणारे नव्हेतच. तिथंच त्याच्या मनात पाल चुकचुकली. त्यानं शाळेतल्या एका मित्राला फोन लावला आणि शपथ घालून विचारलं. तोवर मुंबईत परळला टाटा हॉस्पिटलमध्ये भाऊंचा अर्धा जबडा काढून चार दिवस झाले होते.

पोस्टवरून बेस कॅम्पला उतरणं हवामानाच्या हातात. तिथून खारदुंग ला ओलांडून लेह, मग विमानानं दिल्ली, पुढे रेल्वे. नवव्या दिवशी तो वॉर्डात पोचला. चेहरा उन्हाबर्फानं काळवंडलेला, पाठीवर पिट्टू. भाऊंच्या नाकात नळी, गळ्याला छेद, आवाज नाही. काकूंनी घरून नेपाच्या कागदाचा एक गठ्ठा नेला होता. २०१६ साली नूतनीकरणासाठी मिल बंद झाली, त्याच्याही आधीचा तो कागद. कडा पिवळ्या पडलेल्या. त्यावर बॉलपेन आरपार जातं म्हणून जाड शिसपेन्सिल. मुलाला पाहून भाऊंनी बराच वेळ त्याचा हात धरून ठेवला, मग पेन्सिल मागितली आणि लिहिलं, "सुट्टी किती?"

तो चिठोरा मुलानं पाकिटात ठेवलाय. "काका, मला आधी कळलं असतं तर ऑपरेशनच्या आदल्या रात्री ते माझ्याशी बोलले असते," एवढंच तो मला म्हणाला. भाऊंचं बोलणं पुढे कधी स्पष्ट झालं नाही. त्यांचा धड शब्द ऐकण्याची ती शेवटची रात्र होती, आणि ती आम्ही त्याच्याकडून काढून घेतली.

आता कामाचं. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक सुट्टी आणि ३० दिवस कॅज्युअल. हे दिवस पुरवून वापरायचे. केमो बहुतेक वेळा दर २१ दिवसांनी असते, आणि अशक्तपणा, ताप यांचा धोका दुसऱ्या आठवड्यात जास्त. रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, सहा-सहा आठवडे चालतं. डॉक्टरांकडून तारखा आधी घेतल्या तर दहा-दहा दिवस तोडून मागता येतात. शेजारच्या मुलानं सगळी सुट्टी एकदम वापरली आणि रेडिएशनला काकू एकट्या पडल्या. पूर्वी "फादर सीरियस" अशी तार गेल्याशिवाय सुट्टी हलत नसे. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आता इस्पितळाच्या फाइलच्या पहिल्या पानाचा फोटो भाच्याला पाठव, वरिष्ठांना दाखवायला उपयोगी पडतो.

दुसरं म्हणजे, आईवडील अवलंबित म्हणून नोंदलेले असतील आणि उत्पन्न मर्यादेत असेल, तर लष्करी इस्पितळात उपचार मिळतात. पुण्याच्या कमांड हॉस्पिटलात कॅन्सरचा विभाग आहे. भाऊंचं नाव लष्कराच्या नोंदीत, म्हणजे पार्ट टू ऑर्डरमध्ये, चढवायचंच राहून गेलं होतं. ती नोंद होऊन कार्ड हातात येईपर्यंत घरातलं सोनं मोडलं. दाजींची केळीची बाग आहे, तेव्हा उत्पन्नाची अट काय ते भाच्यालाच युनिटमध्ये विचारू दे. त्यालाही काहीतरी हातात घेतल्यासारखं वाटेल. लांब असलेल्याला नुसती काळजी फार जड जाते गं.

कर्नल नवजोतसिंग बल यांचं तू वाचलं असशील. लष्कराच्या पॅरा पलटणीचे कमांडिंग ऑफिसर, शौर्य चक्र मिळालेले. कॅन्सरनं हात गेला तरी एका हातानं अर्धी मॅरेथॉन धावले. एप्रिल २०२० मध्ये बंगळुरूला ते गेले, तेव्हा टाळेबंदी होती. म्हातारे आईवडील गुरुग्रामहून मोटारीनं दोन हजार किलोमीटर गेले, निरोप द्यायला. त्यांना बातमी कळली म्हणून तरी निघू शकले. आपल्याला तर फोन करण्यापुरतीच अडचण आहे.

भाऊ हल्ली ओट्यावर बसतात. मऊ भात, पातळ वरण गिळतात. मुलाचा फोन आला की काकू स्पीकर लावतात आणि तो हो-नाहीतलेच प्रश्न विचारतो. भाऊ पाटावर बोटानं वाजवतात: एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मिल पुन्हा सुरू झाली, त्या दिवशी त्यानं विचारलं, "भोंगा वाजला का?" भाऊंनी इतक्या वेळा वाजवलं की काकूंना मोजता येईना.

दाजींची टाटाची तारीख पक्की झाली की कळव. कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराला जाताना स्लीपर आणि थ्री एसीत भाडं पूर्ण माफ असतं, सोबत्याला पाऊण माफ. पण त्याला इस्पितळाचा दाखला लागतो, म्हणून पहिल्या फेरीला तिकिटं काढावीच लागतील. ती मी काढतो. मी नेपानगरहून बसतो, तुम्ही सावद्याहून भुसावळला या आणि तिथं चढा. जुने रिपोर्ट आणि दाजींचं आधार कार्ड पिशवीत वर ठेव. आणि भाच्याशी बोलणं झालं की मला लगेच फोन कर, रात्र असली तरी.

तुझा
धाकटा भाऊ