बदलीच्या गावातली बंद गाडी

देवळाली कॅम्पात उन्हाळा ऐन भरात आला की क्वार्टरांच्या दारात काळ्या रंगाने रंगवलेल्या पेट्या मांडल्या जातात. त्यांवर पांढऱ्या अक्षरांत नाव, हुद्दा आणि नवे ठिकाण लिहिलेले असते. शाळेत दाखल्याचे अर्ज येऊ लागतात. गावच तसे आहे. इंग्रजांच्या काळात मायदेशी परतणारे गोरे शिपाई इथे जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने थांबत. त्या रिकामपणाने माणसाचे डोके फिरते म्हणून इंग्रजीत वेड्याला ‘डूलाली’ म्हणू लागले, तो शब्द आपल्या गावाच्या नावावरूनच पडला. पुढे १९४१ मध्ये काकूलहून तोपखान्याचे विद्यालय इथे आले, आणि येणे-जाणे हाच गावाचा स्वभाव झाला.

या येण्या-जाण्यावर गावातली कितीतरी घरे चालतात: शिंपी, सुतार, पेटी रंगवणारे, जुने फर्निचर घेणारे. आमच्या धाकट्या भावाचे मोटारसायकल दुरुस्तीचे दुकानही त्यांतलेच. पण २०२० च्या एप्रिलपासून नव्या नियमाच्या गाड्या आल्या. कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आले आणि गिऱ्हाईक शोरूमकडे वळले. दुकानात पंक्चर, चेन आणि ब्रेकचे लायनर एवढेच काम उरले. भावाला दोन मुली. महिनाअखेरीला तो आमच्याकडे येऊन चहा घेऊन काही न बोलता परत जाई. तो काही मागायला आलेला असे, हे अम्मीला आमच्या आधी कळे.

एके दिवशी दुकानात एका सुभेदारांची बुलेट आली. पेट्रोलची टाकी चेपलेली आणि हँडल वाकडे. बदलीच्या सामानाबरोबर उघड्या ट्रकमधून, कपाट आणि फ्रिजच्या शेजारी दोरीने बांधून ती आणली होती. भाऊ त्या रात्री आला तो कागदावर चित्र काढूनच. ‘‘भाईजान, यात फक्त मोटारसायकली जातील. वर छप्पर, चारही बाजूंनी बंद. दुसरे सामान नाही.’’

परदेशात मोटारीच्या मागे अशी बंद ट्रॉली जोडतात, हे त्याने मोबाइलवर पाहिले होते. आम्ही दोघांनी त्यावर बराच खल केला. ट्रॉलीची नोंदणी वेगळी. दोन चाकांच्या ट्रॉलीत वजन मागे पडले की ती रस्त्यावर शेपटीसारखी हलते. कसाऱ्याच्या घाटात हे कोण सांभाळणार? शिवाय कॅम्पातल्या गल्लीत ती मागे घ्यायची म्हणजे वेगळीच कसरत. तेव्हा ट्रॉलीचा नाद सोडला आणि जुना पिकअप घेऊन त्यावर बंद पेटी बांधायचे ठरले. गाडीत असा बदल केला की परिवहन कार्यालयात त्याची नोंद करून घ्यावी लागते. ते काम आम्ही पेटी बांधण्याआधीच विचारून घेतले.

पैशाचे बोलणे अवघड होते. पिकअप आणि पेटी मिळून पाच लाखांच्या घरात हिशेब जात होता. अम्मीने हजसाठी बाजूला ठेवलेली रक्कम पुढे केली. आम्ही दोघांनीही ती घेतली नाही. व्याजाचे कर्ज भावाला नको होते. अखेरीस थोडे त्याचे, थोडे आमच्या भविष्यनिर्वाह निधीतून, आणि उरलेले बहिणीच्या नवऱ्याने कर्ज-ए-हसना म्हणून दिले. बिनव्याजी, अठरा हप्त्यांत परत करायचे. त्याचा कागद केला आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. उसनवार लिहून ठेवावी ही तर कुरआनातलीच ताकीद, तरी नातेवाइकांत लिहायला लोक लाजतात आणि मग पुढे दहा वर्षे एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. आमच्या दुलाभाईंनाही आधी कागदाचे नाव ऐकून वाईट वाटले. अम्मीने सांगितल्यावर त्यांनी सही केली.

पेटी अंबडच्या बाजूला एका कारागिराकडे बांधली. शाळा सुटल्यावर आम्ही तिथे जाऊन बसत असू. जमिनीला अठरा मिलिमीटरचा पाण्यात न फुगणारा प्लाय, त्यावर घसरू नये म्हणून उंचवट्यांचा पत्रा. पट्टे अडकवायच्या लोखंडी कड्या कारागीर नुसत्या प्लायला ठोकणार होता. भावाने त्या खालच्या आडव्या चॅनेलपर्यंत बोल्ट घालून, मोठे वायसर लावून बसवून घेतल्या, कारण दोनशे किलोची गाडी खड्ड्यात उसळली की प्लाय कडीसकट उपटून येतो. पुढच्या भिंतीला चाक अडकवायचे लोखंडी खोबण. हवेसाठी जाळीच्या खिडक्या वरही आणि जमिनीलगतही ठेवल्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते. फक्त वर खिडकी ठेवून भागत नाही.

चढवायची फळी किती लांब हवी यावर वाद झाला. कारागीर म्हणे सहा फूट पुरे. आम्ही शाळेतल्या गणिताच्या बाईंना विचारले. त्यांनी तो प्रश्न दहावीच्या वर्गातच फळ्यावर घातला. गाडीची उंची तेहेतीस इंच. सहा फुटी फळीचा कोन २७ अंश, आठ फुटीचा २०. बुलेटचे वजन साधारण १९५ किलो. सहा फुटीवर ती ढकलायला ८९ किलोचा जोर, आठ फुटीवर ६७ चा. मुलांना त्रिकोणमिती कशाला असते हे त्या दिवशी कळले असावे, कारण दोघे संध्याकाळी ढकलायलाच आले. फळी आठ फुटी झाली.

बांधण्याची पद्धत भावाने स्वतः बसवली. तीन गाड्या बसतात. कडेच्या दोन पुढे तोंड करून, मधली उलटी, म्हणजे हँडले एकमेकांत अडकत नाहीत. प्रत्येकीला चार पट्टे. पुढचे दोन हँडलच्या मुठींना नव्हे, खालच्या टीला, मऊ कापडी फासातून, नाहीतर क्रोमवर ओरखडे येतात. शॉकॉप निम्मा दबेपर्यंतच कसायचा. पूर्ण दाबला तर त्याचे सील फुटते. साइड स्टँड वर घेतलेला, गिअर पहिला, टाकीत पेट्रोल अगदी नावापुरते. प्लास्टिक गुंडाळायचे नाही, आत ओल धरते आणि पावसाळ्यात दोन दिवसांत गंज चढतो. जुनी सुती चादर पुरे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र त्या कागदावरच्या चित्रात नव्हती. पट्टा पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये सैल होतो. शॉकॉप बसतात, टायर खोबणीत सरकतो. तेव्हा थांबून पुन्हा कसावे लागते. आणि आमची गाडी तर बंद.

पहिलेच गिऱ्हाईक एक हवालदार होते. बदली महूला, देवळालीपासून आग्रा रस्त्याने चारशे किलोमीटरच्या आसपास. गाडी त्यांच्या वडिलांची, जुनी येझदी. वडील आता नव्हते. गाडी चढली, पट्टे बसले, दार लावले. ते तिथेच उभे राहिले. म्हणाले, ‘‘मास्तरजी, उघड्या ट्रकमध्ये निदान दिसत तरी राहते.’’

त्यावर आम्हाला लगेच काही बोलता आले नाही. उघड्या गाडीतला माल रस्त्यावरचा प्रत्येक माणूस पाहतो. बंद पेटीत दोन पट्टे मारले की चार, हे मारणारा जाणे आणि अल्लाह जाणे. दाखवायला बाहेरून पत्रा चकचकीत असतो. भावाला त्यांचे बोलणे लागले. तो म्हणाला, कुलूप तुमचे लावा, किल्ली तुम्हीच ठेवा. पण मग वाटेत पट्टे कसायचे कसे? नाक्यावर पोलिसांनी उघडायला सांगितले तर?

त्या दुपारी दुकानासमोर उभे राहून जे ठरले तेच आजही चालते. गाडी भरली की मालकाला शेजारी बसवून भगूरच्या पुढे चार-पाच किलोमीटर जायचे. त्या रस्त्याला खड्ड्यांची ददात नाही. परत दुकानापाशी येऊन दार उघडायचे, मालकाच्या समोर प्रत्येक पट्टा पुन्हा कसायचा, फोटो काढायचे. मग त्याने आपले कुलूप लावायचे. किल्ली पाकिटात, पाकिटावर त्याची आडवी सही, पाकीट चालकाकडे. फोडावे लागले तर आधी फोन. लांबच्या वाटेवर मात्र शंभरेक किलोमीटरनंतर थांबून मालकाला फोन करून ते फोडायचेच आणि पुन्हा कसायचे. डिझेल जास्त जाते, तास-दीड तास मोडतो. भाऊ सुरुवातीला कुरकुरला. आता गिऱ्हाइकाने ‘राहू द्या’ म्हटले तरी तोच ऐकत नाही.

येझदी महूला पोचली. हवालदारांनी तिथून फोटो पाठवला, त्यांचा मुलगा सीटवर बसलेला.

कागदपत्रांची कामे आमच्याकडे आली. गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात राहणार असेल तर तिथला नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी इथल्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. २०२१ पासून फौजी लोकांना बीएच मालिकेचा नंबर घेता येतो, त्यामुळे नव्या गाड्यांची ही दगदग कमी झाली आहे. जुन्यांची आहेच. विमा चालू आहे का हे आम्ही आधी पाहतो आणि नसेल तर गाडी चढवत नाही. त्यावरून दोन गिऱ्हाइके रागावून गेली.

हे काम मुख्यतः मे-जूनचे. बाकीच्या दिवसांत पुणे, नगर, कधी मुंबई, महिन्याला चार-पाच फेऱ्या. द्राक्षांच्या हंगामात एकाने क्रेट भरायला गाडी मागितली, भाडेही बरे देत होता. पेटीत पेट्रोलचा वास मुरलेला. भावाने नाही म्हणून सांगितले. त्यापेक्षा शाळांची बाके आणि पुस्तकांचे गठ्ठे नेतो. दुकान अजून उघडतोच, पंक्चर काढतो. महिनाअखेरीला येतो तेव्हा आता बोलतो, बहुतेक वेळा टायरच्या किमतींबद्दल.

दुलाभाईंच्या कागदावर अकरा हप्त्यांपुढे सह्या झाल्या आहेत. बारावा या जुम्याला द्यायचा आहे.