अर्धे काळे, अर्धे गोरे



या पानावर आपण मुलांचे शिक्षण, लग्नातील वायफळ खर्च, वर्षावासातील प्रवचने यांविषयी नेहमी वाचतो. आज मी टीव्हीवरील एका मालिकेच्या एका भागाविषयी लिहिणार आहे. कुणी म्हणेल, या कार्यकर्त्याला हे काय सुचले? पण त्या भागाने आमच्या घरात जो विषय निघाला, तो आपल्या प्रत्येकाच्या घरातला आहे.

लहानपणापासून मला अवकाशातील गोष्टींचे वेड. १९८० नंतरच्या दशकात दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका लागायची. सुट्टीत आम्ही मुंबईला मामाकडे, वरळीच्या बीडीडी चाळीत जायचो. मजल्यावर टीव्ही एकाच घरी. त्या घराच्या दारात आम्ही पंधरा-वीस पोरे दाटीवाटीने बसायचो. इंग्रजी कुणाला कळत नव्हते. पण ‘एंटरप्राइज’ नावाचे यान, त्याचा कॅप्टन कर्क आणि टोकदार कानांचा मिस्टर स्पॉक सगळ्यांच्या ओळखीचे झाले होते.

मामा गिरणी कामगार. १९८२ च्या संपात त्याची नोकरी गेली होती. तो पडद्यावरच्या लाल पोशाखातील काळ्या बाईकडे बोट दाखवून म्हणायचा, “ती बघ, यानाची संदेश अधिकारी. तिकडं ती माणसं पण आपल्यासारखीच झगडून वर आल्यात.” मामाला हे माहीत असण्याचे कारण होते. अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा तो तिच्या सभांना जायचा. १९७४ च्या जानेवारीतील वरळीची दंगल त्याने डोळ्यांनी पाहिली होती.

त्या संदेश अधिकाऱ्याचे काम करणाऱ्या नटीचे नाव निशेल निकोल्स. पहिल्या वर्षानंतर ती मालिका सोडणार होती. तेव्हा डॉ. मार्टिन ल्यूथर किंग तिला भेटले आणि, तू तिथे दिसणे आमच्या लोकांसाठी मोलाचे आहे, असे सांगून त्यांनी तिला थांबवले. ही हकीकत तिने स्वतः अनेकदा सांगितली. तिला पडद्यावर पाहून अंतराळाचे स्वप्न बघितलेली मे जेमिसन १९९२ साली खरोखरच अंतराळात गेली. ती अंतराळात जाणारी पहिली कृष्णवर्णीय महिला. हे वाचले तेव्हा मला मामाची आठवण झाली. अशी ही मालिका. तिच्यावर माझा जीव आहे, हे आधीच कबूल करतो.

पुढे १९९८ साली दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ आली आणि त्याच वर्षी आमच्या वारणा परिसरातील सत्तर गावांत संगणक पोहोचवण्याचा प्रकल्प सुरू झाला. मी तेव्हा बी.कॉम. होऊन नोकरीच्या शोधात होतो. वाटायचे, आता विज्ञान दारात आले, जात काही फार दिवस टिकत नाही. संगणक आले. जात गेली नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. माझा मुलगा बारावी सायन्सला आहे. पाचवीपासूनचा त्याचा एक मित्र. अभ्यास एकत्र, क्रिकेट एकत्र, आमच्या घरी जेवणखाण. मध्यंतरी त्या मित्राच्या नव्या घराची वास्तुशांती होती. मुलगा इस्त्रीचे कपडे घालून गेला. तिथे मित्राच्या आजीने विचारले, “कुणाचा रे तू?” याने आडनाव सांगितले. बाकीची पोरे आत ताटावर बसली. याला मात्र, “आत गर्दी आहे, तू इथंच बस बाळा,” म्हणून अंगणात कागदी पत्रावळीवर वाढले. मित्राने ते पाहिले आणि तो गप्प बसला. मुलगा न जेवता घरी आला. त्याला आजीचा राग कमी होता, मित्राच्या गप्प बसण्याचा जास्त. तीन आठवडे तो त्याच्याशी बोलला नाही. त्याच्या आईने समजावले तर म्हणाला, “मम्मी, मला आता त्यांच्यातला एकपण नको.”

मला काय बोलावे सुचत नव्हते. अशाच एका संध्याकाळी त्याने ‘स्टार ट्रेक’चा एक जुना भाग लावून दिला. “पप्पा, तुमची मालिका. यातलं बघा जरा,” म्हणाला. भागाचे नाव ‘लेट दॅट बी युवर लास्ट बॅटलफिल्ड’, म्हणजे ‘हीच तुमची शेवटची रणभूमी ठरो’. अमेरिकेत तो प्रथम दाखवला गेला १० जानेवारी १९६९ रोजी. डॉ. किंग यांची हत्या होऊन तेव्हा अवघे नऊ महिने झाले होते.

कथा अशी. चेरॉन नावाच्या ग्रहावरून लोकाय नावाचा एक माणूस चोरलेल्या छोट्या यानातून पळून येतो. एंटरप्राइजचे लोक त्याला वाचवतात. त्याचा चेहरा नाकाच्या रेघेवर बरोबर अर्धा काळा आणि अर्धा गोरा आहे. पाठोपाठ त्याला पकडायला त्याच ग्रहाचा अधिकारी येतो, बील. त्याचाही चेहरा तसाच, अर्धा काळा, अर्धा गोरा. बील म्हणतो, हा देशद्रोही आहे, ताब्यात द्या. लोकाय म्हणतो, यांनी माझ्या लोकांना गुलाम केले, मला आश्रय द्या. हा पाठलाग किती वर्षांचा? पन्नास हजार वर्षांचा! कर्क आणि स्पॉक यांना प्रश्न पडतो की दोघे दिसायला सारखेच, मग भांडण कशाचे? बील चकित होतो. यांना एवढेही दिसत नाही? माझी उजवी बाजू काळी आहे, लोकायची आणि त्याच्या सगळ्या लोकांची उजवी बाजू गोरी आहे!

इथे मी खुर्चीतून उठलोच. आपल्याकडे यापेक्षा निराळे काय आहे? परक्या देशातला माणूस आणून गावच्या चावडीसमोर उभा करा आणि सांगा, यांतला उच्च कोण, नीच कोण, ओळख. त्याला ओळखता येणार नाही. जातिभेदाला वंशाचा आधार नाही आणि जात ही माणसाच्या मनात वसलेली असते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालच्या त्या न झालेल्या लाहोरच्या भाषणात दाखवून दिले. तेच इथे पन्नास मिनिटांत लहान मुलालाही कळेल असे दाखवले आहे. ज्याने हे सुचवले त्याला माझा जयभीम.

आणखी एक प्रसंग. लोकाय यानावरच्या तरुणांना आपल्या लोकांच्या यातना सांगत असतो. त्यावर एक जण म्हणतो की पृथ्वीवरही कधीकाळी असा छळ होता, मी इतिहासात वाचलंय. दुसरा म्हणतो की ते विसाव्या शतकातलं झालं, आता कुणी तसा विचार करत नाही. मुलाने तिथेच चित्र थांबवले. “पप्पा, हे तुमच्या ऑफिसातल्यासारखंच बोलतायत.” खरे होते. चौदा एप्रिलची वर्गणी निघाली की ऑफिसात कुणीतरी हमखास म्हणतेच, “आता कुठं जात राहिलीय?” लोकाय तळमळून विचारतो की माझ्या लोकांनी जे सोसले ते तुमच्या अंगाला कसे कळवू? यावर कुणाकडेच उत्तर नसते.

इथपर्यंत भाग मला पसंत. शेवट मात्र पटला नाही.

शेवटी बील यान जबरदस्तीने चेरॉनकडे नेतो. तिथे कुणीच जिवंत नाही. दोन्ही बाजूंनी एकमेकांना मारून ग्रह ओसाड केला आहे. हे कळल्यावरही ते दोघे शहाणे होत नाहीत. एकमेकांना दोष देत, धावत, त्या मेलेल्या ग्रहावर उतरतात. यानावरचे लोक हळहळतात की यांच्याकडे आता द्वेषाशिवाय काही उरले नाही. भाग संपला.

मुलाने विचारले, “पप्पा, म्हणजे दोघंपण सारखेच चुकले?”

मी आयुष्यभर जमाखर्चाच्या वह्या लिहिल्या. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षी शिकवतात की तेरीजपत्रकाच्या दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे हिशेब बरोबर असतोच असे नाही. नावेची एखादी रक्कम लिहायचीच राहिली आणि जमेचीही राहिली, तरी तेरीज जुळते. या भागाचे तसेच झाले आहे. बीलच्या नावावर द्वेष, लोकायच्या नावावर द्वेष, दोन्ही बाजू समान, खाते बंद. पण गुलाम कुणी कुणाला केले, ही नोंदच वहीत आली नाही. बीलच्या हाती सत्ता होती, कायदा होता. लोकायच्या हाती चोरलेले यान. मारणाऱ्याचा राग आणि मार खाणाऱ्याचा राग एकाच तागडीत कसा तोलायचा?

मग मला वाटले, आपण विहारात धम्मपदातील वैराविषयीची गाथा म्हणतो, ती तरी निराळे काय सांगते? दोन दिवस विचार केला. तथागतांनी वैर सोडायला सांगितले. अन्याय करणारा आणि सोसणारा एकच, असे त्यांनी कुठेही सांगितले नाही. आणि वैर कसे सोडायचे, हे बाबासाहेबांनी करून दाखवले. १९२७ साली महाडला ते दगड घेऊन गेले नाहीत, पाणी प्यायला गेले. १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, कुणाच्या केसालाही धक्का न लावता लाखोंना घेऊन दीक्षाभूमीवर नवा मार्ग धरला. त्यांनी हिशेब सोडला नाही, वैर सोडले. पन्नास हजार वर्षांत लोकायच्या लोकांना हा मार्ग दाखवणारे कुणी भेटले नाही.

आणि बीलच्या लोकांत एकही शाहू महाराज निघाला नाही! आपल्या कोल्हापूरची ही गोष्ट मी मुलाला त्या रात्री सांगितली. गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेतले नोकर. सवर्णांच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. गंगारामांना भर कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढून दिले, स्वतः तिथे जाऊन चहा घेतला आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजला. १९०२ साली पन्नास टक्के जागा राखीव ठेवणारे महाराज १९२० च्या मार्चमध्ये माणगाव परिषदेला आले आणि तरुण बाबासाहेबांना नेता म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर मान दिला. महाडला सुरेंद्रनाथ टिपणीस होते, मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडायला सहस्रबुद्धे होते. म्हणजे त्या बाजूचा माणूस या बाजूला येऊ शकतो. लेखकाने बीलच्या ग्रहावर असा एकही माणूस ठेवला नाही, ही माझी दुसरी तक्रार.

मुलगा सगळे ऐकून म्हणाला, “पप्पा, पण तुम्ही तरी कुठं बोलता त्यांच्याशी?”

मी गप्प झालो. त्याचा रोख मला कळला. माझ्या लहानपणी गावात एका विहिरीवर आम्हाला पोहरा शिवू देत नसत. एक बाई वरून ओंजळीत पाणी ओतायची. तिचा मुलगा आज ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर आहे. वीस वर्षांत आम्ही फायलींपलीकडे एक शब्द बोललो नाही. त्याने स्वतः माझे काही वाकडे केलेले नाही. मी प्रबोधनावर भाषणे देतो आणि तो चहा मागवतो तेव्हा पाणी प्यायला उठून जातो. लोकायचे तोंड मला आरशात दिसल्यासारखे झाले.

त्या सोमवारी मी त्याला विहिरीची आठवण सांगितली. भांडलो नाही. ओंजळीतून कोपरापर्यंत ओघळणारे पाणी आजही आठवते, एवढेच म्हणालो. तो बराच वेळ फायलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आई आता नाही. पण मी तिथं असायचो. आठवतंय मला.” त्याने क्षमा मागितली नाही. पण “आता कुठं जात राहिलीय” असेही तो म्हणाला नाही. चहा आला तेव्हा मी उठलो नाही.

मुलाला मी जबरदस्ती केलेली नाही. त्याला एवढेच सांगितले, “वैर धरू नको, पण हिशेबही विसरू नको. त्याला एकदा सरळ विचार, तू गप्प का बसलास?” विचारायचे की नाही, हे त्याचे त्याने ठरवायचे आहे. अजून विचारलेले नाही.

भगिनी-बंधूंनो, टीव्ही वाईट म्हणून आपण मुलांवर ओरडतो. त्यापेक्षा कधी त्यांच्याजवळ बसा, ते काय बघतात ते बघा आणि नंतर बोला. मुलांच्या पोटात काय साठले आहे, ते अशा वेळीच बाहेर येते. विहारातल्या भाषणात ते सहसा येत नाही, हे मी भाषणे देणारा माणूस सांगतो.

जयभीम! नमो बुद्धाय!