मुदतीत न आलेले दावे

परकी राज्याने या देशाची केलेली लूट आपण बहुधा कापूस, मीठ आणि जमीनमहसूल यांच्या हिशेबाने मोजतो. परंतु सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, जुन्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या वारली, ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी यांच्याकडून त्या राज्याने जे हिरावून नेले, ते कोणत्याही जमाखर्चाच्या वहीत सापडणार नाही. कारण जे त्यांचे होते, त्याची नोंद मुळात कोणत्याच दप्तरात नव्हती.

1853 साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, आणि रुळांखालच्या लाकडासाठी सरकारची दृष्टी अरण्याकडे अधिकच वळली. 1864 साली ब्रँडिस नावाच्या जर्मन तज्ज्ञाच्या हाताखाली जंगलखाते उभे राहिले, पाठोपाठ 1865 चा पहिला कायदा झाला, आणि 1878 च्या कायद्याने तर अरण्यावर सरकारची सत्ता पुरती पक्की केली. हा कायदा घडत असताना खुद्द मद्रास सरकारने, गावकऱ्यांची जंगलातली वहिवाट ही मेहेरबानी नसून हक्क आहे, अशा आशयाची हरकत घेतली होती. तिची मातब्बरी कोणी ठेवली नाही. त्या कायद्यातले एक कलम मी अनेकदा वाचले आहे, आणि दर वेळी मन विषण्ण झाले आहे. एखादे जंगल राखीव करावयाचे असेल तर आसपासच्या गावांत जाहीरनामा लावावा, निदान तीन महिन्यांची मुदत द्यावी, ज्यांचा काही हक्क असेल त्यांनी तो अधिकाऱ्यापुढे मांडावा, आणि मुदतीत जो मांडला गेला नाही तो, विलंबाचे सबळ कारण पटवून देता आले नाही तर, नष्ट झाला असे समजावे, अशी ती व्यवस्था होती. अक्षरओळख नसलेल्या, कचेरीच्या पायरीला भिणाऱ्या आणि आपण ज्यावर जगतो त्याला हक्क म्हणावयाचे असते हेही ज्यांना कोणी सांगितले नव्हते, अशा लोकांवर मौन धरल्याबद्दल ठोठावलेली ही शिक्षा होती.

काय नष्ट झाले, हे पाहावयाचे असेल तर चैत्राच्या पहाटे डहाणूकडच्या एखाद्या पाड्यावर जावे. मी गेलो होतो. उजाडण्यापूर्वीच बायका आणि पोरे टोपल्या घेऊन मोहाखाली बसलेली होती. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन झाडून ठेवलेली, आणि तिच्यावर रात्रभर टपटपलेली ती मांसल, फिकट पिवळी, उग्र गोड वासाची फुले. ऊन चढले की ती कोमेजतात आणि गुरे तोंड घालतात, म्हणून कोणी बोलण्यात वेळ दवडीत नव्हते. वाळवलेले हे फूल पावसाळ्यातल्या उपासमारीत शिजवून खातात, त्याची दारू देवाला आणि लग्नकार्याला लागते, पुढे बियांचे तेल निघते. कोणते झाड कोणत्या घराने वेचावे हे कोठेही लिहिलेले नाही. तरी भांडण होत नाही, असे तेथल्या वृद्ध बाईने मला सांगितले. या फुलावर सरकारने आधी 1878 च्या अबकारी कायद्याने आणि मग 1892 साली खास मोहासाठी केलेल्या कायद्याने निर्बंध घातले, कारण घरोघरी दारू निघाली तर मक्त्याचे उत्पन्न बुडत होते. खजिन्यात चार रुपये अधिक यावेत म्हणून दुष्काळातले अन्न गुन्ह्याच्या सदरात गेले. याहून क्षुद्र कारणासाठी एखाद्या समाजाचे जीवन विस्कटल्याचे उदाहरण मला आठवत नाही.

राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजण्यासाठी, फांद्या तोडणे, डोंगरउतारावर नाचणी-वरी पेरणे, यांचीही तीच गत झाली. खैराच्या लाकडाचा काथ काढण्यावरून ज्यांना नाव मिळाले ते कातकरी खैराला मुकले, आणि कोळशाच्या भट्टीवर, पुढे विटांच्या भट्टीवर, सावकाराच्या उचलीखाली राबू लागले. आणि देव? वाघबारशीला ज्या वाघदेवाला कोंबडे द्यावयाचे, त्याचे ठाणे रानाच्या कडेला. त्या रानात शिरणारा आता सरकारी हद्दीत शिरलेला इसम ठरला. जी संस्कृती झाडांच्या, भाज्यांच्या आणि ऋतूंच्या क्रमाने बांधलेली असते, ती ग्रंथ जाळल्याने नव्हे, तर वाट बंद केल्याने मोडते.

राज्य गेले, कायदा राहिला. 1878 चेच कलम 1927 च्या कायद्यात आले आणि तो कायदा स्वतंत्र भारताने पुढे चालूच ठेवला. वेठीविरुद्ध 1945 साली किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने वारली उठले व त्यांनी ती मोडून काढली. जंगलाच्या बाबतीत मात्र 2006 उजाडावे लागले. त्या वर्षीच्या वनाधिकार कायद्याने ऐतिहासिक अन्याय झाल्याचे उद्देशिकेतच मान्य केले, आणि त्याच्या नियमांनी एक मोठी गोष्ट केली: गावातल्या वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदन पुरावा म्हणून ग्राह्य धरले. ज्यांचे न बोलणे 1878 ने त्यांच्याविरुद्ध वापरले, त्यांच्या नातवंडांचे बोलणे आता सरकारला ऐकावे लागते. तरीही कागद नाही म्हणून दावे फेटाळले जातात, आणि ज्यांना जुनी वहिवाट आठवते ती माणसे एकेक करून जात आहेत.

म्हणून पाड्यांवरच्या शिकलेल्या मुलामुलींना आणि तेथल्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: आपल्या आजीआजोबांजवळ वही घेऊन बसा, कोणते झाड, कोणता उतार, कोणते देवाचे ठाणे कोणाच्या वहिवाटीचे हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या, खाली अंगठा किंवा सही घ्या, आणि तो कागद ग्रामसभेपुढे ठेवा. हे या वर्षीच करा.