दोन अंगठ्यांचा संसार

माणसाला दोन अंगठे असतात, ही गोष्ट मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळली. म्हणजे असतात हे ठाऊक होतं. पण ते कशासाठी असतात याचा विचार करायची वेळ आली नव्हती. नोकरीत टायपिंग केलं, तेव्हा आठ बोटं राबत होती आणि अंगठ्याकडे दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याचं काम होतं. थोडक्यात, काहीही न लिहिण्याबद्दल त्याला पगार मिळत होता. कचेरीत अशी आणखीही काही मंडळी होती, त्यामुळे त्याचं मला कधी विशेष वाटलं नाही.

आपल्या भाषेनंही अंगठ्याला फारसं मानाचं पान वाढलेलं नाही. ज्याला सही येत नाही तो अंगठेबहाद्दर. ज्याला उसने पैसे परत करायचे नसतात तो अंगठा दाखवतो. महाभारतात शिरावं, तर तिथे एकलव्याचा अंगठा गुरुदक्षिणेत जातो. या अंगठ्याला चांगले दिवस आले ते गेल्या मे महिन्यात, आमच्या दिवाणखान्यात.

झालं असं, की सुट्टीत दोन्ही नातू एकाच वेळी आले. एक मुलाचा, एक मुलीचा. दोघंही चौदा वर्षांचे. पूर्वी नातवंडं आजोळी येताना पत्र्याची ट्रंक आणत, आता खेळाचं यंत्र आणतात. एकाकडे प्लेस्टेशन, दुसऱ्याकडे एक्सबॉक्स. टीव्ही आमच्याकडे एक. पानिपताला याहून कमी कारण पुरलं असतं.

‘‘आजोबा, तुम्ही सांगा,’’ असं म्हणून दोघांनी माझ्या हातात एकेक कंट्रोलर ठेवला. ‘‘कुठला जास्त कम्फर्टेबल आहे?’’

मी दोन्हीकडे पाहिलं. मला दोन खेकडे दिसले. नीट पाहिल्यावर दोन खेकड्यांत फरक दिसला. दोघांच्याही पाठीवर अंगठ्यानं हलवायच्या दोन छोट्या दांड्या होत्या, वर अळंबीसारखी टोपी असलेल्या. डावी दांडी फिरवली की पडद्यावरचा माणूस चालतो, उजवी फिरवली की त्याची मान वळते, म्हणजे आपल्याला दिसणारं दृश्य फिरतं. कचेरीत असताना मी दांडी मारत असे. आता हलवायची होती.

प्लेस्टेशनवाल्या खेकड्याच्या दोन्ही दांड्या खाली, मधोमध, शेजारी शेजारी होत्या. एकाच उंचीच्या, खिल्लारी बैलांच्या जोडीसारख्या. एक्सबॉक्सवाल्याची डावी दांडी वर होती आणि उजवी खाली. म्हणजे नवरा माडीवर आणि बायको तळमजल्यावर. एवढाच फरक. पण या एवढ्याशा फरकावरून जगात दोन पंथ पडले आहेत आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार होत नाहीत, असं मला नातवांच्या बोलण्यावरून समजलं.

न्याय द्यायचा तर कागदपत्रं पाहिली पाहिजेत, हा माझा जुना शिरस्ता. म्हणून मी इतिहासात शिरलो. अंगठ्याच्या राज्याचा मूळपुरुष म्हणजे गुनपेई योकोई नावाचे जपानी गृहस्थ. निन्टेंडो कंपनीच्या ‘डाँकी काँग’ या हातात मावणाऱ्या खेळावर १९८२ साली त्यांनी अधिकच्या चिन्हासारखं एक बटण बसवलं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. चारही दिशा एका डाव्या अंगठ्याखाली आल्या. १९९४ साली पहिलं प्लेस्टेशन निघालं, तेव्हाही त्याच्या कंट्रोलरला दांडी नव्हतीच. डावीकडे दिशांची बटणं, उजवीकडे कामाची बटणं, मध्ये मोकळं अंगण.

पुढे खेळांना खोली आली. पडद्यावरचा माणूस नुसता डावीकडून उजवीकडे पळेना, तर कोपऱ्याकोपऱ्यानं हिंडू लागला. त्याला चार दिशा पुरेनात. १९९६ साली निन्टेंडोनं मधोमध एक दांडी बसवली, पण त्या कंट्रोलरला मुठी केल्या तीन. माणसाला हात दोन. तिसरी मूठ बहुधा शेजाऱ्यासाठी असावी. १९९७ साली सोनीनं दोन दांड्या आणल्या. आता दिशांची आणि कामाची बटणं आपापल्या जागी बसलेलीच होती; दांड्या आल्या त्या खालच्या मोकळ्या अंगणात. जुन्या वाड्यात मागाहून मोरी काढतात, तसं. मोरी गैरसोयीची असते, पण दोन पिढ्या तिथे आंघोळ करून गेल्या की तीच परंपरा होते. प्लेस्टेशनच्या दांड्या आजही तिथेच आहेत.

सेगा कंपनीनं १९९८ साली आपली एकुलती एक दांडी डावीकडे वर बसवली. २००१ साली निन्टेंडोच्या गेमक्यूबनं आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सनं डावी वर, उजवी खाली असा तिरका संसार मांडला. एक्सबॉक्सचा तो पहिला कंट्रोलर इतका अवाढव्य होता, की त्याला लोक ‘ड्यूक’ म्हणू लागले. जपानी हातांसाठी त्याची लहान आवृत्ती काढावी लागली, आणि पुढे इतर देशांतल्या लोकांनीही तीच पसंत केली. आपला हात मोठा आहे असं सगळ्यांनाच वाटत असतं. ड्यूक हातात आला की कळतं.

इतिहास झाला, आता प्रयोग. मी डोळे मिटून दोन्ही मुठी कंट्रोलरवर सैल ठेवल्या आणि अंगठे आपसूक कुठे पडतात ते पाहिलं. दोन्ही अंगठे वर पडले. डावा वरच्या दांडीवर, उजवा कामाच्या बटणांवर. एक्सबॉक्सवाला नातू नाचू लागला. प्लेस्टेशनचा कंट्रोलर घेतला, तर दोन्ही अंगठ्यांना आत वळून खाली वाकावं लागत होतं. नव्या सुनेनं वाकून नमस्कार करावा तसं. पण वाकले तरी दोघं बरोबर वाकत होते. ‘‘बघा, बॅलन्स आहे!’’ दुसरा नातू ओरडला. तेही खरंच होतं.

मग लक्षात आलं, की प्रश्न खेळाचा आहे. फुटबॉलच्या खेळात डावा अंगठा सतत दांडीवर आणि उजवा बहुतेक वेळ बटणांवर असतो. म्हणजे दोघांचं काम वरच्या मजल्यावर, तिथे तिरकी मांडणी बरी. पण रानावनात भटकायचे किंवा बंदुका चालवायचे खेळ असले, की उजव्या अंगठ्याला मान वळवण्याच्या दांडीवर तासन्‌तास मुक्काम करावा लागतो. मग एकानं ताठ बसायचं आणि दुसऱ्यानं वाकायचं, हे काहींना खटकतं. त्यापेक्षा दोघंही वाकलेले बरे. मी निकाल राखून ठेवला. राखून ठेवलेल्या निकालाइतकी सोयीची गोष्ट जगात दुसरी नाही.

याच सुमारास आमची ही स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

‘‘काय चाललंय दोन तास?’’

‘‘आजी, तू खेळ ना!’’

ही फुटबॉल खेळायला बसली. या बाईनं जन्मात फुटबॉलला पाय लावलेला नाही. पण पंधरा मिनिटांत तिनं मला तीन शून्यानं हरवलं. मी दोष कंट्रोलरला दिला. कंट्रोलर बदलून घेतला आणि चार शून्यानं हरलो. मांडणीचा माझ्या खेळावर परिणाम होत नाही, हा एक निष्कर्ष तिथे पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी भटकंतीचा खेळ लावला. घोड्यावरून डोंगर-दऱ्यांतून हिंडायचं, कोणाला मारायचं नाही, घाई नाही. हिला तो फार आवडला. पण तिचा घोडेस्वार बघावा तर सारखा ढगांकडे पाहत चाललेला. पुढे ओढा आला, स्वार ढगांकडे. दरी आली, तरी ढगांकडे.

‘‘अगं, रस्ता बघ, रस्ता! आकाशात काय विमान चाललंय का?’’ मी म्हणालो. दोन्ही नातू हसले. मी आणखी दोन कोट्या केल्या. स्वार दरीत पडला. तिनं कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि म्हणाली, ‘‘पुरे झालं. भाजी लावायचीय.’’

हरली म्हणून रागावली, असं मी समजलो. संसारात नवऱ्यानं समजून घेतलेल्या बहुतेक गोष्टी या जातीच्या असतात.

ती आत गेल्यावर एक्सबॉक्सवाला नातू म्हणाला, ‘‘आजोबा, आजी उजवी स्टिक हलवतच नव्हती. एकदाही नाही.’’

मी हसणार होतो. पण मला एकदम पोळ्या आठवल्या. तीन-चार महिन्यांपासून आमच्या घरच्या पोळ्या जाड येत होत्या. त्यावर मी विनोद करत होतो. पाहुण्यांसमोरही केले होते. गव्हाला दोष दिला, पिठाच्या गिरणीला दिला. लाटणाऱ्या हाताकडे पाहायचं मात्र सुचलं नाही.

मी उठून आत गेलो. ती कणीक मळत होती. डाव्या हातानं, तळव्यानं रेटून. उजवा हात नुसता परातीच्या काठावर ठेवलेला. बरणीचं झाकण दरवाज्याच्या फटीत धरून उघडण्याची नवी पद्धत तिनं का काढली होती, तेही तेव्हाच कळलं.

‘‘कधीपासून दुखतंय?’’

‘‘संक्रांतीपासून. लाडू वळताना.’’

‘‘बोलली का नाहीस?’’

‘‘तुमचं पोळ्यांवर चाललं होतं ना,’’ ती म्हणाली. रागानं नाही. रागानं म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी अंगठ्याच्या बुडाशी दाबून पाहिलं आणि ती कळवळली. अंगठ्याचा तो सांधा घोड्यावरच्या खोगिराच्या आकाराचा असतो, म्हणून तर अंगठा इतक्या दिशांनी फिरतो, आणि म्हणूनच झिजतोही, असं त्यांनी समजावलं. चिमटीच्या टोकाशी एक किलोचा जोर लावला, की बुडाशी सुमारे १२ किलोंचा दाब येतो. मी मनातल्या मनात चाळीस वर्षांच्या पोळ्यांचा गुणाकार करायला लागलो आणि मध्येच सोडून दिला. डॉक्टरांनी अंगठ्याला पट्टा दिला, शेक सांगितला, आणि पिळणं, मळणं, लाटणं कमी करा म्हणाले. हे त्यांनी तिला सांगितलं, पण पाहत माझ्याकडे होते.

घरी येऊन मी ते दोन्ही कंट्रोलर पुन्हा शेजारी ठेवले, आणि आठवडाभर जे दिसलं नव्हतं ते दिसलं. दोन पंथांचं सगळं भांडण डाव्या दांडीवरून होतं. ती वर हवी की खाली, यावर रक्त आटवणं चाललं होतं. उजवी दांडी दोघांनीही खालीच ठेवली होती. उजव्या अंगठ्यानं वाकायचं, यावर दोन्ही पक्षांचं एकमत होतं, आणि एकमत असल्यामुळे त्याची कुठे चर्चा नव्हती. नाही म्हणायला निन्टेंडोनं २०१२ साली दोन्ही दांड्या वर नेऊन पाहिल्या होत्या. पण तो कंट्रोलर आमच्या घरी नव्हता.

तोडगा नातवानं काढला. एक्सबॉक्समध्ये २०१७ साली ‘कोपायलट’ नावानं एक सोय आली. दोन कंट्रोलर जोडायचे आणि यंत्राला सांगायचं, की हे दोन नाहीत, एकच आहेत. एकानं काही हलवावं, दुसऱ्यानं काही. पडद्यावर माणूस एकच. ज्यांचे हात इतरांसारखे चालत नाहीत त्यांच्यासाठी २०१८ साली मोठ्या बटणांचा वेगळा कंट्रोलरही मायक्रोसॉफ्टनं काढला आहे, ही माहिती त्यानंच दिली. ‘‘प्लेस्टेशनवरही येतं हे सगळं,’’ दुसरा नातू तातडीनं म्हणाला. ‘‘२०२३ पासून!’’ घराण्याची अब्रू त्यानं राखली.

तेव्हापासून आमच्याकडे असं चालतं. ती डावी दांडी धरते, मी उजवी. तिचा कंट्रोलर उशीवर ठेवलेला असतो आणि उजवा हात पट्ट्यात आरामात असतो. ती चालते, मी मान वळवतो. पहिल्या दिवशी ती ओढ्याकडे निघाली आणि मी देवळाकडे पाहत राहिलो, त्यामुळे पुन्हा दरीत पडलो. ‘‘अहो, मी जाते तिकडे बघा की जरा,’’ ती म्हणाली. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. एवढं साधं वाक्य, पण ते बोलायला यंत्र आणावं लागलं. आता सराव झाला आहे. ती वळायच्या आधी मला कळतं. नेहमी नाही, पण बऱ्याचदा.

सुट्टी संपली तेव्हा एक्सबॉक्स नातवानं इथेच ठेवला. जाताना दोघांनीही निकाल मागितला. मी आजीकडे बोट दाखवलं.

‘‘डावी कुठेही ठेवा,’’ ती म्हणाली. ‘‘उजवी आजोबांकडे द्या.’’

कणीक आता मी मळतो आणि पोळ्याही मीच लाटतो. त्या पूर्वीपेक्षा जाड होतात. त्यावर घरात कोणी विनोद करत नाही.