न भरलेली जखम

बालपणाविषयी आपण नेहमी गोड बोलतो. आजीच्या गोष्टी, वाडीतले खेळ, संध्याकाळची रोझरी यांच्या आठवणीने डोळे पाणावतात. परंतु ज्यांना आठवावे असे काही लाभलेच नाही, त्यांचे काय? बापाचे व्यसन, घरातील कलह, आईचा अकाली मृत्यू यांनी ज्यांची कोवळी मने होरपळली, अशी माणसे प्रत्येक धर्मग्रामात आहेत. ती मिस्साला येतात, आपल्याच बाकावर बसतात आणि आतले दुःख आतच ठेवून घरी जातात. श्रद्धेने अशी जखम खरोखर भरून येते का? या प्रश्नाचा विचार करताना मला नेहमी एक शिपाई आठवतो. तो म्हणजे संत कॅमिलस डी लेलिस.

इटलीतील बुक्कियानिको या गावी २५ मे १५५० रोजी त्याचा जन्म झाला. वडील सैन्यात कप्तान. मोहिमांमुळे ते बहुधा घराबाहेरच असत. आई उतारवयात माता झालेली. त्या दांडगट मुलाला आवरण्याचे बळ तिच्या थकलेल्या हातांत नव्हते. तो बारा-तेरा वर्षांचा असताना तीही गेली. बापाकडून त्याला वारसा मिळाला तो तापट स्वभावाचा आणि जुगाराच्या नादाचा. पुढे बापलेक व्हेनिसच्या सैन्यात दाखल होण्यास निघाले, तर वाटेतच बापाने डोळे मिटले. त्याच सुमारास कॅमिलसच्या पायाला एक जखम झाली आणि ती चिघळत गेली.

उपचारासाठी तो १५७१ साली रोमच्या सान जाकोमो रुग्णालयात राहिला. तेथे पडेल ते काम करी. पण जुगार आणि भांडणे यांपायी त्याला काढून टाकण्यात आले. पुन्हा तो तुर्कांविरुद्धच्या लढाईत शिपाई झाला. १५७४ साली नेपल्समध्ये तलवार, बंदूक, अंगरखा असे सारे काही जुगारात हरला आणि चर्चच्या दारात भीक मागू लागला. मान्फ्रेदोनिया येथे कॅपुचिन संघाच्या मठाचे बांधकाम चालू होते, तेथे त्याला मजुरी मिळाली. त्या संघाच्या एका धर्मगुरूने त्याच्याशी देवाविषयी आपुलकीने दोन शब्द बोलले. दुसऱ्या दिवशी, २ फेब्रुवारी १५७५ रोजी, वाटेवरच्या दगडधोंड्यांत गुडघे टेकून तो रडला. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता.

संतचरित्र वाचताना आपण या अश्रूंपाशी थांबतो आणि समाधान पावतो. मला मात्र त्यानंतरचा भाग अधिक मोलाचा वाटतो. कॅमिलस यांना कॅपुचिन संघात राहायचे होते. पण पायाची जखम पुन्हा उघडली आणि त्यांना परतावे लागले. देवाने पापांची क्षमा केली, पण जखम तशीच राहू दिली. ती अखेरपर्यंत, म्हणजे १४ जुलै १६१४ रोजी रोममध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, भरली नाही.

ज्या रुग्णालयातून हाकलले गेले होते, तेथेच ते परतले आणि पुढे तेथील कारभारी झाले. पगारी नोकर रुग्णांची हेळसांड करतात, हे ते रोज पाहत होते. केवळ देवावरील प्रेमापोटी सेवा करणाऱ्यांचा संघ असावा, हा विचार त्यांना १५८२ साली सुचला. १५८४ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. आपल्या सोबत्यांसाठी त्यांनी जे नियम लिहिले, त्यांत सांगितले, की एकुलत्या एका आजारी मुलाची आई ज्या मायेने शुश्रूषा करते, त्याच मायेने रुग्णाची सेवा करावी. हा नियम लिहिणारा कोण? ज्याची आई कोवळ्या वयात गेली, तोच मुलगा! जी माया त्यांना पुरेशी लाभली नाही, ती त्यांनी परमेश्वराजवळ मागितली आणि परक्यांना वाटली.

१५८६ साली पोप सिक्स्तुस पाचवे यांनी त्यांच्या संघाला झग्यावर लाल क्रूस धारण करण्याची अनुमती दिली. जिवावर बेतले तरी रुग्णाला सोडायचे नाही, असे चौथे व्रत हा संघ घेतो. १५९५ साली त्यांचे बंधू हंगेरीतील रणभूमीवर जखमी सैनिकांच्या सेवेसाठी गेले. एका शिपायाने आपल्या मुलांना रणांगणावर पाठविले, पण ते तलवार घेऊन नव्हे.

न भरणारी जखम म्हटली, की आपल्याकडे अश्वत्थामा आठवतो. आपल्या जखमेसाठी तेल मागत तो अजून हिंडतो, अशी लोकांची समजूत आहे. कॅमिलस यांचीही जखम तशीच वाहती होती; परंतु ते तेल मागत फिरले नाहीत. शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याप्रमाणे ते इतरांच्या जखमांवर तेल ओतीत गेले. माझ्या मते बरे होणे म्हणतात ते हेच. पुनरुत्थित प्रभूच्या हातांवरही खिळ्यांचे व्रण होतेच. थोमाला ओळख पटली ती त्या व्रणांवरूनच.

म्हणून दुखावलेल्या माणसाला ‘झाले गेले विसरून जा’ असे सांगण्याची घाई आपण करू नये. त्याच्याजवळ घटकाभर बसावे, त्याचे ऐकावे. कॅपुचिन धर्मगुरूने त्या मजुराशी दोनच शब्द बोलले होते. पण ते आपुलकीचे होते. तेवढे तर आपल्यापैकी कोणालाही जमेल.