दसऱ्याचं कागदी पान आणि बागेची वही

बालमित्रांनो, शरद ऋतूचं चित्र काढा म्हटलं की पुष्कळ मुलं लाल-पिवळ्या पानांचं झाड काढतात. झाडाखाली पानांचा ढीग आणि वर राखाडी आभाळ. चित्र छानच असतं, पण ते आपलं नसतं बरं का! ते इंग्रजी पुस्तकातून आलेलं असतं.

थंड देशांत हिवाळ्याआधी दिवस लहान होतात. झाडं पानांतलं हरितद्रव्य बनवायचं थांबवतात. मग पानात आधीपासून दडलेला पिवळा रंग दिसू लागतो, काही झाडांत लाल रंग नव्यानं तयार होतो आणि पानं गळतात. आमचं हट्टा गाव हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात आहे. इथं आश्विन-कार्तिकात काय दिसतं? कपाशीची बोंडं फुटलेली. हळदीची पानं मुलांच्या कमरेला लागतील एवढी. शेवंतीला कळ्या. पानं गळतात ती फक्त वावरातल्या सोयाबीनची, आणि ती काढणीला आली म्हणून! आपल्या झाडांची खरी पानगळ होते माघ-फाल्गुनात. थंडीमुळे नव्हे, तर पुढच्या उन्हाळ्यात पाणी वाचावं म्हणून.

मग आपल्या शरद ऋतूचं पान कोणतं? आमच्या वर्गानं ठरवलं, आपट्याचं.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. कार्यानुभवाच्या तासाला आम्ही दसऱ्याआधी आपट्याची कागदी पानं करतो. कृती अगदी सोपी आहे. जुन्या कॅलेंडरचं पान किंवा हिरवा घोटीव कागद घ्या. मधोमध घडी घाला. घडीला लागून अर्धं पान काढा आणि कातरा. घडी उघडली की दोन्ही पाळ्या हुबेहूब सारख्या! खरं पानही असंच मधल्या शिरेवर मिटतं. ते झाडाजवळ जाऊनच पाहायचं, तोडायचं नाही.

झाडाजवळ गेल्यावर आणखी एक गंमत कळते. बाजारात 'सोनं' म्हणून जे विकतात, त्यातलं बरंचसं आपट्याचं नसतंच, कांचनाचं असतं. दोघं एकाच कुळातले, म्हणून पानंही जोडपानासारखी. पण आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीनं जास्त. कांचनाचं मोठं आणि पातळ. फुलं आली की शंकाच उरत नाही. कांचनाची मोठी, गुलाबी-जांभळी; आपट्याची बारकी, पांढरट पिवळी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दोन्ही झाडांच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात. कागदाचं सोनं वाटलं तर निदान आपल्या हातून तरी तेवढं टळतं.

आता तुम्ही म्हणाल, कोऱ्या कागदाच्या पानाला सोनं कसं म्हणायचं? म्हणून आमच्या पानाच्या पाठीवर एक ओळ लिहिलेली असते. ती ओळ येते बागेच्या वहीतून.

ही वहीही आम्ही घरीच करतो. गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं काढायची, सारखी जुळवायची, मधोमध सुई-दोऱ्यानं शिवायची आणि वर जाड कागदाचं वेष्टण घालायचं. प्रत्येक पानावर चार रकाने. तारीख, आभाळ, झाड आणि पाहुणे. पाहुणे म्हणजे फुलपाखरं, मुंगळे, चिमण्या, सरडे, जे कोणी त्या दिवशी बागेत आलं असेल ते. रोज लिहायची सक्ती नाही. आठवड्यातून एकदा, पण ठरलेल्या वारी. आणि नियम एकच. डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहायचं. 'बाग सुंदर दिसत होती' असं नाही, 'झेंडूला सात कळ्या' असं.

वहीत पानांचे ठसेही असतात. पान उलटं ठेवायचं, वर कागद धरायचा आणि रंगीत खडू आडवा घासायचा. शिरा आपोआप उमटतात. शाळेच्या परसबागेतल्या हळदीच्या पानाचा ठसा काढला, तर मधल्या शिरेपासून कडेकडे एकमेकींना समांतर जाणाऱ्या शिरा दिसतात. आपट्याच्या पानात देठापासून पंज्यासारख्या पसरतात. विज्ञानाच्या पुस्तकातला शिराविन्यास मुलांना असा बोटांखाली सापडतो. त्यासाठी पान झाडाखाली पडलेलं घ्यायचं, एवढंच.

या वहीचा खरा उपयोग आम्हाला झेंडूनं शिकवला. २०२४ साली आम्ही १० ऑगस्टला झेंडूची रोपं लावली. सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत, ऐन पोळ्याच्या वेळी, परभणी, हिंगोली, नांदेड या भागात जबरदस्त पाऊस झाला. ओढे-नाले वावरांत शिरले. वहीत त्या आठवड्याची नोंद आहे: 'बागेत पाणी. झेंडू पिवळा पडला. उंचावरची रोपं चांगली हायेत.' निम्मी रोपं गेली. उंचवट्यावरच्या रोपांना ९ ऑक्टोबरला पहिलं फूल आलं आणि १२ ऑक्टोबरला दसरा होता. लावणीपासून फुलापर्यंत किती दिवस? मुलांनी बोटांवर मोजले. साठ!

पुढच्या वर्षी दसरा होता २ ऑक्टोबरला. मुलांनी साठ दिवस मागं मोजले आणि ३ ऑगस्ट ही तारीख काढली. तो रविवार, म्हणून आम्ही शनिवारी, २ ऑगस्टला रोपं लावली. या वेळी सरीत नाही, वरंब्यावर. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात पुन्हा पावसानं थैमान घातलं, पण आमचा झेंडू तगला. दसऱ्याला शाळेच्या दाराला आमच्याच बागेतल्या फुलांचं तोरण लागलं.

त्या वेळी एका मुलानं विचारलं, "बाई, दसरा दरसाली मागं-पुढं काऊन होतो?" प्रश्न किती चांगला! २०२३ चा दसरा २४ ऑक्टोबरला होता, २०२४ चा १२ ला, २०२५ चा २ ला. आपले सण चंद्राच्या महिन्यांवर चालतात. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणजे सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. म्हणून सण दरवर्षी तेवढे अलीकडे सरकतात आणि साधारण तीन वर्षांनी अधिक महिना आला की पुन्हा पुढं जातात. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक, म्हणून दसरा २० ऑक्टोबरला. आता तुम्हीच सांगा बरं, त्या दसऱ्यासाठी रोपं कोणत्या तारखेला लावायची?

पण शेतकरी आजोबा पेरणी सणावर करत नाहीत. ते नक्षत्रं पाहतात. मृग, हस्त, चित्रा, स्वाती. ही नक्षत्रं सूर्याची, म्हणून त्यांच्या तारखा जवळजवळ ठरलेल्या. मृग ७ जूनच्या आसपास, हस्त सप्टेंबरच्या शेवटी. एकाच घरात आजोबांचं एक घड्याळ सूर्यावर चालतं आणि आजीचं एक चंद्रावर! झाड मात्र ऊन, ओल आणि गारवा पाहून फुलतं. ही तीन गणितं एका पानावर कुठं भेटतात? बागेच्या वहीत.

अशा वह्या जगात फार मोलाच्या ठरल्या आहेत. जपानमधल्या क्योटो शहरात चेरीची झाडं कधी पूर्ण बहरली, याच्या नोंदी नवव्या शतकापासून सापडतात. दरबारी लोकांनी आणि भिक्षूंनी आपल्या रोजनिशींत त्या सहज लिहून ठेवल्या होत्या. त्यावरूनच कळलं, की २०२१ साली २६ मार्चला आलेला बहर बाराशे वर्षांतला सगळ्यांत लवकरचा होता. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ पासून पहिलं फूल, पहिलं पान, पहिला बेडूक अशा नोंदी ठेवल्या आणि त्यांच्या घराण्यानं त्या १९५८ पर्यंत चालवल्या. हवामान बदलतं आहे का, हे शोधताना शास्त्रज्ञांना या नोंदी कामाला आल्या. हट्ट्याचा आपटा कधी पालवतो, हे मात्र तुमच्या-आमच्याशिवाय कोण लिहिणार?

आता एका वहीबद्दल सांगते. आमच्या भागातली काही कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळं जावंच लागतं. आई-बाप गेले की मुलंही जातात. वर्गातली पाच-सहा ठिकाणं रिकामी होतात. २०२४ मध्ये आमच्या तिसरीतली एक मुलगी अशीच निघाली. जाताना तिनं विचारलं, "बाई, माझी वही इथं ठिवू का संगं नेऊ?" मी म्हटलं, "संगं ने. बाग नसली तरी आभाळ असेलच की."

पाडव्याच्या आधी ती परतली. वही उसाच्या पाचटानं माखलेली, वेष्टण फाटलेलं. पण आत एकतीस नोंदी! एक अशी होती: 'उसाला तुरे आलेत. वारा आला की समदे एकीकडंच वाकतात.' दुसरी: 'कोपीमागं बाभळीला पिवळी फुलं. पाहुणे: मधमाश्या.' आणि एक: 'रात्री गाडी भरली. झोप नाही. सकाळी लई दव होतं.' मी ती वही वर्गात वाचून दाखवली तेव्हा गडबड्या वर्ग एकदम चिडीचूप झाला. पाच महिने ती शाळेत नव्हती. गणितात ती मागं पडली होती, ते खरंच. तो पाढ्यांचा डोंगर आम्ही अजून चढतो आहोत. पण लिहिण्यात ती वर्गाच्या पुढं गेली होती.

तिच्या वडिलांनी शाळेत येऊन वही पाहिली. पानं उलटली, बोलले काहीच नाहीत. २०२५ च्या दिवाळीनंतर ती आजीपाशी गावातच राहिली. धाकटा भाऊ मात्र आई-वडिलांबरोबर गेला. त्याच्यासाठी तिनं स्वतः एक वही शिवून दिली आणि पहिल्या पानावर चार रकाने आखून दिले. त्याला अजून नीट लिहिता येत नाही, म्हणून झाडाच्या रकान्यात चित्र काढायचं ठरलं.

पालकहो, ही वही परीक्षेत येत नाही, तिला गुण नाहीत. तरी आठवड्यातून पाच मिनिटं मुलाशेजारी बसून 'आज काय दिसलं रे?' एवढं विचारा. अंगण नसेल तर गॅलरीतली तुळस चालेल, रस्त्यावरचा कडुनिंब चालेल. अक्षर पाहू नका, तारीख आहे का ते पाहा. आणि कामासाठी गाव सोडावं लागत असेल, तर मूल कुणापाशी ठेवता येईल, गावात हंगामी वसतिगृहाची सोय होईल का, हे निघण्याआधी शाळेत येऊन विचारा. न्यावंच लागलं, तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे जिथं जाल तिथल्या शाळेत त्याला बसता येईल.

आणि मुलांनो, तुम्ही या रविवारी एवढंच करा. कोरी पानं जमवा, वही शिवा, जवळचं एक झाड आपलं म्हणून निवडा. दसऱ्यापर्यंत चार-पाच नोंदी होतील. त्यातली सगळ्यांत आवडती ओळ कागदी पानाच्या पाठीवर लिहा आणि ते पान आजीला, शेजारच्या काकूंना, भांडण झालेल्या मित्राला द्या. खरं पान चार दिवसांत वाळून जातं. तुमच्या पानावरची तारीख मात्र राहील आणि पुढच्या वर्षी कुणाला तरी रोपं लावताना उपयोगी पडेल.